नऊ गिअरची नवी गाडी, सहा गिअरवर बसलेला हात आणि दोन महिन्यांत जळालेली क्लचप्लेट

वाडीनाका

मंडळी, नमस्कार. नागपूरला वाडीत आमचा छोटा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. दोन दहा चाकी गाड्या जुन्या, सहा गिअरच्या आहेत. चार महिन्यांपूर्वी तिसरी, बारा चाकी गाडी घेतली. तिला क्रॉलर (पहिल्याहूनही खालचा, सर्वांत हळू आणि ताकदीचा गिअर) धरून नऊ गिअर आहेत आणि लिव्हरच्या मुठीवर हाय-लोचा खटका आहे. लिव्हरच्या त्याच जागांवर खालचे चार गिअर (लो) लागणार की वरचे चार (हाय), हे तो खटका ठरवतो. ही गाडी बहुतेक वेळा बुटीबोरीहून माल भरून सावनेर, सौंसर, सिल्लेवानी घाट या मार्गाने छिंदवाड्याला जाते आणि परतीला मिळेल तो माल आणते.

गाडीवर जे भाऊ आहेत ते आमच्याकडे अकरा वर्षांपासून आहेत. सहा गिअरच्या गाडीवर त्यांचा हात इतका चांगला आहे की नवीन मुलांना मी त्यांच्याच शेजारी बसवतो. तरीही नव्या गाडीची पहिली क्लचप्लेट दोन महिन्यांत जळाली आणि आता दुसरीचाही वास यायला लागला आहे. भाऊ स्वतः फार कष्टी आहेत. परवा त्यांनी मला सरळ सांगितले की मला जुन्याच गाडीवर परत पाठवा.

मला त्यांना परत पाठवायचे नाही. माझा प्रश्न असा आहे की इतक्या अनुभवी माणसाला गिअर टाकणे नव्याने शिकावे लागते का, आणि लागत असेल तर सुरुवात नेमकी कुठून करावी? ज्यांनी अशा गाड्या चालवल्या आहेत किंवा दुरुस्त केल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

घाटवळण

दादा, आधी एक सांगा. वास घाटात येतो की शहरात? यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

घाटात येत असेल तर माझा अनुभव असा. चढाला लागल्यावर गाडी दमेपर्यंत वरच्याच गिअरवर ओढत राहायचे आणि मग घाईने खालचा गिअर शोधायचा, ही सवय सहा गिअरच्या गाडीवर लागते, कारण तिथे दोन गिअरांमधले अंतर मोठे असते आणि बदल करायला मन धजत नाही. नऊ गिअरच्या गाडीला तेच लागू केले की क्लच मार खातो. सिल्लेवानीला रामाकोना सोडून चढ दिसायला लागला, की वळणाच्या आधीच, गाडी अजून मोकळी पळत असताना एक गिअर खाली घ्यावा. वळणात शिरल्यावर डावा हात पुन्हा लिव्हरवर जाता कामा नये, दोन्ही हात स्टेअरिंगवरच हवेत. चढावर गिअर बदलताना गाडी जे दोन-तीन सेकंद बिनताकद असते तेवढ्यात भरलेली गाडी सात-आठचा वेग सहज गमावते, आणि मग जो गिअर टाकायला निघालो होतो तोही वरचाच ठरतो.

बुटीबोरी फ्लीट

माझे मत थोडे वेगळे आहे. गिअर शिकवण्यात आता वेळ घालवू नये. आमच्याकडच्या नव्या गाड्यांत गिअर आपोआप बदलतो, क्लचचे पेडलच नाही. व्होल्वोने आय-शिफ्ट २००१ मध्ये आणले आणि आता आपल्याकडच्या कंपन्याही अशा गाड्या देतात. चालकाचा पाय वाचतो, दिवसाअखेरचा थकवा कमी होतो आणि कुठल्याही चालकाच्या हातात गाडी दिली तरी क्लचप्लेटचे आयुष्य जवळपास सारखेच राहते. पुढची गाडी घेताना वाडीनाका यांनी याचा अवश्य विचार करावा.

उमरेड रोड

बुटीबोरी फ्लीट यांचे म्हणणे पुढच्या गाडीसाठी ठीक आहे, पण दारात उभी असलेली गाडी तर चालवावीच लागणार. शिवाय क्लचचे पेडल नाही म्हणून क्लच नाही असे होत नाही. तो आत असतोच, फक्त तो दाबणारे यंत्र वेगळे असते. चढावर ब्रेक न दाबता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर तो क्लचही तापतो.

मी नऊ वर्षे उमरेडच्या कोळशाच्या खाणीत टिपर चालवला. खाणीतून वर येणारा रस्ता साधारण सोळाला एक या चढाचा, खाली काळा चिखल, पुढचा टिपर मध्येच थांबला की आपणही भरल्या मालानिशी चढावर उभे. तिथे आमच्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट करून घेतली. हँडब्रेक लावलेला, पहिला गिअर टाकलेला, आणि क्लच अगदी सावकाश वर घ्यायचा. एका ठिकाणी केबिन हलकेच थरथरते आणि गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे होते. ती जागा पायाच्या पंजाला ओळखता आली पाहिजे. ती आल्यावरच हँडब्रेक सोडायचा आणि मग रेस द्यायची. आधी रेस देऊन मग क्लच सोडणारा मुलगा दिसला की उस्ताद त्याला खाली उतरवून चाकाला दगड लावायच्या कामावर ठेवत. गाडी एकदा निघाली की पाय क्लचच्या पेडलवरून पूर्ण बाजूला हवा. नुसता टेकवून ठेवला तरी रिलीज बेअरिंग फिरत राहते आणि प्लेट पुरती दाबली जात नाही.

कळमना गॅरेज

नमस्कार. मी क्लच आणि गिअरबॉक्सचेच काम करतो, त्यामुळे माझी पहिली विनंती अशी की चालकाला दोष देण्याआधी जुनी प्लेट हातात घेऊन पाहा. प्लेट खूप काही सांगते.

अस्तर सगळीकडे सारखे झिजून रिव्हेटपर्यंत आले असेल आणि फ्लायव्हीलवर (इंजिनच्या ज्या जड चाकावर प्लेट दाबली जाते त्यावर) निळे-जांभळे डाग पडले असतील, तर ती जास्त वेळ घसरत राहिली आहे. म्हणजे हाफ क्लचवर, पेडल अर्धे दाबून, गाडी फार चालली किंवा वरच्या गिअरवरून उचलली गेली. अस्तर तेलकट, चकचकीत असेल तर तेलाचे सील गळते आहे, त्यात चालकाचा काहीही संबंध नाही. एका बाजूनेच झिजली असेल तर प्रेशर प्लेटची बोटे तपासावी. पेडलला मोकळा खेळ उरलेला नसेल तर पाय वर असूनही क्लच अर्धा दाबलेलाच राहतो. आणि या गाड्यांच्या क्लचला हवेचा बूस्टर असतो, तो पूर्ण मागे येत नसेल तरी हेच घडते.

वाडीनाका दादा, जुनी प्लेट भंगारात गेली नसेल तर फ्लायव्हीलचा आणि तिचा फोटो टाका.

कामठीचा नवशिका

मी अवजड वाहनाचा परवाना काढण्यासाठी शिकतो आहे. घरी आजोबा सांगतात की डबल क्लच आला नाही तो चालकच नाही. शाळेतले प्रशिक्षक सांगतात की सिंक्रोच्या गाडीत त्याची गरज नाही. यातले खरे काय धरावे?

यंत्रशिक्षक

दोघांचेही खरे आहे, फक्त ते वेगवेगळ्या गिअरबॉक्सविषयी बोलत आहेत.

गिअर बदलताना एकमेकांत अडकणाऱ्या दोन भागांचे फेरे जुळावे लागतात. जुळले नाहीत तर दात दातांवर घासतात आणि तो सर्वांच्या ओळखीचा करकर आवाज येतो. सिंक्रोनायझरमध्ये एक पितळी कडी असते. दात अडकण्यापूर्वी ती शंकूसारख्या पृष्ठभागावर घासून फेरे जुळवून देते, म्हणजे हा एक छोटासा ब्रेकच आहे. मोटारगाडीत ही सोय कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणली, ट्रकमध्ये ती त्याहून बरीच उशिरा रुळली. आजोबांच्या काळच्या गाड्यांत ती नव्हती किंवा झिजून गेलेली असे, म्हणून फेरे चालकाला स्वतः जुळवावे लागत. खाली येताना क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडून थोडी रेस द्यायची, म्हणजे आतला शाफ्ट वेग घेतो, आणि पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. वर जाताना रेस द्यायची नाही, उलट न्यूट्रलमध्ये क्लच सोडून इंजिनचे फेरे उतरण्याची क्षणभर वाट पाहायची.

आजच्या गाडीत रोज हे करावे लागत नाही. तरीही दोन प्रसंगी ते हाताशी असावे. उतारावर खालचा गिअर घ्यायची वेळ आली आणि कडीला फेरे जुळवणे जड जात असेल तेव्हा डबल क्लचने गिअर अलगद पडतो. आणि एखाद्या गिअरची कडी झिजली असेल तर गाडी गॅरेजपर्यंत आणता येते. क्रॉलर आणि रिव्हर्स यांना बहुतेक बॉक्समध्ये सिंक्रो नसतोच, ते गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकावेत.

आता मूळ धाग्याकडे येतो. नऊ गिअर कशासाठी, हे भाऊंना आकड्यांत सांगितले तर त्यांची भीती कमी होईल असे मला वाटते. नऊ गिअरच्या एका प्रचलित बॉक्सची गुणोत्तरे, म्हणजे बॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट एकदा फिरायला इंजिनला किती फेरे घ्यावे लागतात ते आकडे, असे आहेत: क्रॉलर १२.७३, पहिला ८.८३, दुसरा ६.२८, तिसरा ४.६४, चौथा ३.४८, पाचवा २.५४, सहावा १.८१, सातवा १.३४ आणि आठवा १. सातव्यात इंजिन १,८०० फेऱ्यांवर असताना आठवा टाकला की फेरे साधारण १,३४० वर येतात. सहा गिअरच्या बॉक्समध्ये पहिला नऊच्या आसपास आणि शेवटचा एक धरला, तर प्रत्येक पायरी सरासरी दीडपटीहून थोडी मोठी पडते आणि तेच १,८०० फेरे ११६० पर्यंत उतरतात. भरलेल्या गाडीला चढावर या दोन आकड्यांतला फरक फार जाणवतो. पहिल्या बाबतीत इंजिन आपल्या ताकदीच्या पट्ट्यात, म्हणजे टॅकोमीटरवरच्या (फेरे दाखवणाऱ्या काट्यावरच्या) हिरव्या पट्टीत राहते, दुसऱ्यात ते तिच्या खालच्या काठाला टेकते.

सावनेरची लेक

यंत्रशिक्षक सरांनी आकडे दिले आहेत, त्यात मला आवाज जोडायचा आहे.

माझ्या बाबांनी पंचवीस वर्षे ट्रक चालवला, बरीच वर्षे संत्र्यांचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि आई कधीकधी सोबत जात असू. त्या गाडीत टॅकोमीटर होता, पण त्याचा काटा मला आठवते तेव्हापासून शून्यावरच पडलेला. बाबांची डावी मूठ लिव्हरवर असायची आणि मुठीवरचे आकडे इतके झिजले होते की पाचाचा फक्त खालचा अर्धा गोल उरला होता. मी नऊ-दहा वर्षांची असताना त्यांनी माझा हात आपल्या हाताखाली लिव्हरवर ठेवला आणि म्हणाले, आता डोळे मीट आणि गाडी कधी मागते ते सांग. चढाला इंजिनचा सूर आधी जाड होतो, मग त्यात एक घरघर मिसळते आणि लिव्हर तळहातात बारीक कापायला लागते. मी ‘आता’ म्हणाले तेव्हा ते म्हणाले, उशीर झाला, घरघर येण्याच्या आधी, सूर जाड व्हायला लागला तेव्हाच. पुढच्या चढाला मी बरोबर सांगितले. तेव्हा त्यांनी काही न बोलता गिअर खाली घेतला. गाडी एकदा हलकी होऊन पुन्हा एकसुरी चालायला लागली तो आवाज माझ्या अजून कानात आहे.

म्हणून मला असे वाटते, की अकरा वर्षे जुन्या गाडीचा सूर ओळखणाऱ्या भाऊंचा कान नव्या इंजिनाला अजून लागलेला नसेल. नव्या गाड्यांच्या केबिन बंद आणि शांत असतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून तर नव्या मालवाहू ट्रकांना वातानुकूलित केबिनच बंधनकारक झाली आहे. ४५ अंशांच्या नागपुरात ती हवीच होती आणि बाबांच्या वेळी असती तर त्यांचे हाल वाचले असते. पण काचा बंद असताना इंजिनचा सूर कानापर्यंत पोहोचत नाही. पहिले काही दिवस काच थोडी खाली ठेवून चालवून पाहावी.

पारडी चौक

मी वीस वर्षे गाडी चालवतो आहे आणि एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी. क्लचला आराम मिळतो आणि डिझेल वाचते. मी आजवर असेच केले आहे.

घाटवळण

पारडी चौक भाऊ, तुमच्या वीस वर्षांचा मान ठेवून सांगतो, हे कृपया करू नका आणि कुणाला सांगूही नका. माझ्या शेजारच्या गाडीचा चालक कुरई घाटात असाच गेला होता. तो वाचला, कारण पुढे रस्ता सपाट झाला. खाली आलो तेव्हा त्याच्या मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रमांतून धूर निघत होता आणि हवेचा काटा लाल पट्टीत होता. ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद फिरते तेव्हा हवा सावकाश भरते आणि आपण तर ब्रेक सारखे दाबत असतो. शिवाय एकदा वेग वाढला की गिअर परत पडत नाही, मग सगळा भार ब्रेकवरच येतो.

ज्या गिअरवर घाट चढला असता त्याच गिअरवर उतरावा, भरलेल्या गाडीला त्याहूनही एक खाली. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो उतार सुरू होण्याआधीच लावावा. तो धुराची वाट अडवून इंजिनला रोखतो, त्यामुळे इंजिनचे फेरे जितके जास्त तितका तो चांगला धरतो. वरच्या गिअरवर तो लावून तक्रार करणारे अनेक जण मी पाहिले आहेत.

यंत्रशिक्षक

डिझेलविषयीही लिहितो, कारण हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. आजच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडणे बंद करतात. इंजिनला चाकेच फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला स्वतः जिवंत राहण्यासाठी डिझेल जाळावे लागते. म्हणजे लांब उतारावर न्यूट्रलमध्येच डिझेल जास्त जाते.

आणि ब्रेकवर किती भार पडतो याचा एक हिशेब. समजा ३० टन वजनाची गाडी २०० मीटर उंचीवरून खाली आली. तिची जी ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी ती सुमारे ५.९ कोटी ज्यूल भरते. ३० अंशांचे २०० लिटर पाणी, म्हणजे डिझेलचे एक मोठे पिंप भरून पाणी, उकळीला आणायला साधारण इतकी उष्णता लागते. हवेच्या आणि चाकांच्या रोधात थोडी जाते, पण गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर उरलेली सगळी ड्रमांत जिरते. ड्रम तापून फुगतो, अस्तराची पकड कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. गाडी गिअरमध्ये असेल तर याचा मोठा वाटा इंजिन घेते.

पारडी चौक

सर, जुन्या गाडीत असे डिझेल बंद होत नव्हते, म्हणून आम्हाला तेच ठाऊक. पिंपाचा हिशेब मात्र पटला. मुलगाही आता माझ्याच गाडीवर आहे, त्याला हे वाचून दाखवतो.

वाडीनाका

सर्वांचे मनापासून आभार. घाटवळण दादांनी पहिल्याच प्रतिसादात जे विचारले होते ते मी काल भाऊंना विचारले आणि उत्तर ऐकून मीच चकित झालो. वास घाटात येत नाही. सिल्लेवानी ते अगदी व्यवस्थित चढतात. वास येतो तो वाडीच्या रांगेत, गोदामासमोर आणि शहराच्या वळणरस्त्यावरच्या सिग्नलवर.

कळमना गॅरेज यांना फोटो पाठवला आहे. अस्तर सारखे झिजलेले आहे आणि तेल कुठेही नाही.

कळमना गॅरेज

फोटो पाहिला. फ्लायव्हीलवर डाग आहेत. पेडलचा खेळ आणि बूस्टर आज माझ्या ओळखीच्या मिस्त्रीने तुमच्याकडे येऊन पाहिला, तोही ठीक आहे. म्हणजे गाडी उचलतानाच प्लेट घसरते आहे. मला आता दाट शंका खटक्याची आहे. उभी असलेली गाडी भाऊ कोणत्या गिअरवर उचलतात हे शेजारी बसून पाहा. ते काय सांगतात तेवढ्यावर राहू नका, लिव्हर कुठे आहे आणि खटका कुठे आहे ते प्रत्यक्ष पाहा.

उमरेड रोड

अगदी हेच लिहायला आलो होतो. खटक्याच्या बॉक्समध्ये पहिला आणि पाचवा एकाच जागी असतात, दुसरा आणि सहावा एकाच जागी. खटका वर की खाली, एवढाच फरक. आणि नुसता खटका खाली केल्याने काही होत नाही, लिव्हर न्यूट्रलमधून गेल्यावरच आतली हाय-लोची जोडी हवेने बदलते. लिव्हर गिअरमध्येच ठेवून, क्लच दाबून कुणी खटका खाली केला, तर हाताला वाटते पहिला आणि आत असतो पाचवा.

यंत्रशिक्षक

उमरेड रोड यांचे म्हणणे बरोबर असेल तर वर दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे. पहिल्याचे गुणोत्तर ८.८३ आणि पाचव्याचे २.५४. म्हणजे गाडी उचलायला चाकांपाशी जी ताकद हवी ती मिळवण्यासाठी इंजिनला जवळजवळ साडेतीनपट जोर लावावा लागेल, आणि गाडीचा वेग इंजिनाला जुळेपर्यंत प्लेट तितकीच जास्त घसरत राहील. सपाट रस्त्यावर नवे दमदार इंजिन हे सहन करून गाडी काढतेही, म्हणून चूक लक्षात येत नाही. जुन्या इंजिनाने जागच्या जागी बंद पडून लगेच सांगितले असते.

वाडीनाका

आज सकाळी सहाला भाऊंच्या शेजारी बसून वाडी ते बुटीबोरी आणि परत असा फेरा केला. जे पाहिले ते तसेच लिहितो.

मोकळ्या रस्त्यावर त्यांचे गिअर इतके अलगद पडत होते की मांडीवरचा चहाचा कप हलला नाही. परत येताना वाडीच्या रांगेत गाडी हळू झाली. भाऊंनी लिव्हर पाचव्याच्या जागी घेतला, क्लच दाबून धरला आणि गाडी थांबली. पुढची गाडी दहा-बारा फूट सरकली. त्यांनी अंगठ्याने खटका खाली केला, लिव्हर तिथेच, आणि रेस देऊन क्लच सोडायला सुरुवात केली. गाडी कण्हत निघाली. मी त्यांना थांबवले आणि न्यूट्रल करून पुन्हा पहिला टाकायला सांगितले. हवेचा फुस्स असा लहानसा आवाज आला, लिव्हर पुन्हा त्याच जागी बसला आणि या वेळी गाडी क्लच पूर्ण सोडल्यावर रेस न देताच चालायला लागली. भाऊ माझ्याकडे पाहतच राहिले. ते म्हणाले, मला वाटत होते ही गाडीच जड आहे.

आणखी एक गोष्ट. डॅशबोर्डवर हाय रेंजचा एक छोटा दिवा आहे. गाडीची पूजा केली तेव्हा घातलेली प्लॅस्टिकच्या फुलांची माळ नेमकी त्याच्यावर लोंबत होती. माळ मीच घातली होती. ती आता आरशाला बांधली आहे.

सहा गिअरच्या गाडीत रांगेत क्लच दाबून, गिअर टाकून उभे राहायची त्यांची सवय होती. तिथे ती चालून जात होती. आता गाडी थांबली की आधी खटका खाली, मग न्यूट्रल, मग क्लचवरून पाय बाजूला, आणि निघताना दिवा पाहून पहिला, असे आम्ही ठरवले आहे. दुपारभर ते प्रत्येक थांब्याला ‘लो’ असे मोठ्याने म्हणत होते.

सावनेरची लेक

भाऊंना माझा नमस्कार सांगा. अकरा वर्षांची सवय एका सकाळी मान्य करायला मोठे मन लागते. माझ्या बाबांनाही मी हा धागा आज वाचून दाखवला. त्यांचे म्हणणे असे की पहिला महिना शेजारी कुणीतरी बसू द्या, कारण गोंधळ आणि हॉर्न सुरू झाले की हात जुन्याच जागी जातो.

कामठीचा नवशिका

भाऊंची हरकत नसेल तर मी सुट्टीच्या दिवशी येऊन बसू का? मलाही हाय-लो शिकायचे आहे.

वाडीनाका

अवश्य या. भाऊंना विचारले, ते रविवारी सकाळी सहाला निघतात. पाच मिनिटे आधी पोहोचा, ते निघण्याआधी हवेचा काटा पूर्ण वर येईपर्यंत गाडी हलवत नाहीत.

कळमना गॅरेज

ते अगदी योग्य करतात. हवा कमी असेल तर ब्रेक तर नाहीतच, पण हाय-लोही पूर्ण बसत नाही आणि बॉक्स मधेच अडकतो.

आता राहिलेले काम. सध्याच्या प्लेटला वास आला आहे, पण घसरत नसेल तर लगेच बदलू नका. चढावर वरच्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन पाहा. फेरे वाढले आणि वेग वाढला नाही तरच ती गेली असे समजा. बदलायची वेळ आलीच तर फ्लायव्हील आधी लेथवर साफ करून घ्या. त्या निळ्या डागांच्या जागी धातू कडक झालेला असतो, त्यावर नवी प्लेट टाकली तर गाडी उचलताना थरथरत राहील आणि भाऊंना पुन्हा वाटेल की चूक आपलीच आहे.